वर्ध्याचा ध्रुव

विद्यापीठाच्या तारांगणात दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाचा खेळ ज्योत्स्ना उईके करायची, आणि तो खेळ ती वऱ्हाडीत करायची. हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत आहे असं कोणी म्हणत नव्हतं, कारण म्हटलं की त्यावर काहीतरी करावं लागलं असतं, आणि आपल्याकडे करण्यापेक्षा न बघणं बरं पडतं.

सुरुवातीला असं नव्हतं. ज्योत्स्ना एम.एस्सी. झालेली, फिजिक्समधली. घरात आई गोंडी बोलायची, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, असा तिचा चार पायऱ्यांचा जिना. तारांगणात कंत्राटी निरूपक म्हणून लागली तेव्हा ती अगदी वरच्या पायरीवरून बोलायची. ‘प्रेक्षकहो, आता आपण उत्तर क्षितिजाकडे दृष्टिक्षेप टाकूया.’ प्रेक्षक बिचारे सभ्य. मागे रेलणाऱ्या खुर्च्या, एसीचा गारवा आणि मिट्ट अंधार, त्यात हा दृष्टिक्षेप. दहाव्या मिनिटाला घोरण्याचे आवाज सुरू व्हायचे. एका शनिवारी आर्वीकडची अख्खी रांग घोरत होती. ज्योत्स्नाचं डोकं फिरलं आणि माईकवरच तिच्या तोंडून गेलं, “काऊन जी, एवढा रस्ता तुडवून अथी झोपाले आले का?”

सगळं सभागृह खडबडून जागं झालं. आधी हशा पिकला, मग एकानं अंधारातून विचारलं, “मॅडम, थो लाल तारा कोनता व्हय?” त्या दिवशी पहिल्यांदा तारांगणात प्रश्न आला. पुढे तर प्रश्नांची रीघच लागली. ज्योत्स्नाच्या खेळात प्रश्न विचारायला परवानगी लागत नसे. लोक पडल्या पडल्या विचारायचे, ती पडल्या पडल्या उत्तर द्यायची. खेळ संपला की मंडळी गच्चीवर दुर्बिणीपाशी जायची आणि तिथेही तोंडं बंद होत नसत.

फक्त एक पथ्य तिनं पाळलं होतं. वऱ्हाडी अंधारापुरती. दिवे लागले की पदर सावरावा तशी ती भाषा सावरायची आणि ‘धन्यवाद, बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे आहे’ म्हणायची. ऑफिसात, मीटिंगमध्ये, झाडे सरांसमोर तिच्या तोंडून कधी ‘काऊन’ गेला नाही. असं करताना तिला आपलाच थोडा राग यायचा, पण तो ती गिळायची.

झाडे सर म्हणजे तारांगणाचे संचालक. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं झालं असतं. ते भित्रे होते, आणि भित्र्या माणसाला सगळं व्यवस्थित दिसायला हवं असतं. त्यांच्या टेबलावर एक तक्रार आली. कोणा पालकांनी कळवलं होतं की तारांगणात गावठी भाषा वापरली जाते आणि मुलांवर वाईट परिणाम होतो. नेमकं त्याच सुमारास नवं डिजिटल यंत्र आलं. जुना गोल प्रोजेक्टर निघाला. त्याच्याबरोबर घुमटाच्या कडेची प्लायवूडची क्षितिजरेषाही निघाली.

ती रेषा नानाजींनी कापलेली. नानाजी म्हणजे दारावरचे आणि दिव्यांवरचे माणूस. घुमटाच्या कडेला चहूबाजूंनी त्यांनी काळी सावली उभी केली होती. उगवतीला गिरडची टेकडी आणि तिच्यावरचा दर्गा, एकीकडे वर्ध्याचं जंक्शन, जिनिंगची चिमणी, पाण्याची टाकी. आत आलेला माणूस आधी तारे बघतच नसे. आधी तो आपल्या गावची बाजू शोधायचा. “थे पाय आपलं गिरड!” झालं, मग तो निवांत मागे रेलायचा. आपण कुठे उभे आहोत हे एकदा कळलं की माणसाला वर बघायचं भय वाटत नाही.

नव्या यंत्राबरोबर एक तयार खेळ आला. विलायतेत बनलेला, वर मराठी आवाज मुंबईत चढवलेला. आवाज भारदस्त होता, एवढा की त्याला प्रश्न विचारायची कोणाची हिंमत होऊ नये. त्यातलं क्षितिजही तयार होतं. उंच टोकदार मनोरे, एक मोठा पूल, आणि खाली कुठलीशी नदी.

चाचणीच्या दिवशी ज्योत्स्नानं तो खेळ पहिल्यांदा पाहिला. बघता बघता ती उठून बसली. हात लांब करून तिनं मूठ वळली, मुठीवर मूठ ठेवली. खेळ संपल्यावर ती झाडे सरांकडे गेली.

“सर, ध्रुव पाच मुठींवर आहे. आपल्याकडे तो क्षितिजापासून दोन मुठींवर असतो.”

“कोणाच्या मुठी?” झाडे सरांनी विचारलं.

“कोणाच्याही. सर, हे आकाश खूप उत्तरेकडच्या शहरावरचं आहे. जितकं उत्तरेला जावं तितका ध्रुव वर चढतो. आणि दक्षिणेचे तारे बुडतात. यात अगस्ती नाहीच. वर्ध्यात आत्ता रोज संध्याकाळी दिसतो तो.”

“उईके मॅडम, लोक काय मुठी मोजायला येतात? चित्र बघा. किती स्वच्छ आहे.”

“चित्र स्वच्छ आहे, सर. जागा चुकलीय.”

झाडे सरांनी चष्मा काढून पुसला. “कंपनीला कळवू. आता पत्रिका छापून झाल्या. शनिवारी कुलगुरू येणार आहेत. तुमचा करार महिनाअखेरीस संपतोय. खेळ नीट पार पडला की मी स्वतः तुमची फाइल पुढे करतो. तुम्ही बटन दाबायचं आणि गप्प बसायचं. एवढं जमेल ना?”

“जमेल, सर,” ज्योत्स्ना म्हणाली.

आणि ती खरंच तसं करणार होती. सिंदी मेघेतल्या दोन भाड्याच्या खोल्या, आईची साखरेची औषधं, आणि भौतिकशास्त्राच्या पदवीला वर्ध्यात विचारणारं दुसरं कोणी नाही, हे सगळं तिला पाठ होतं. शुक्रवारी रात्री ती आईला म्हणालीसुद्धा, “एक खेळ गप बसली तं काही मरत नाई मी.” आईनं फक्त तिच्याकडे पाहिलं आणि भाजी वाढली.

शनिवारी सभागृह भरायचं होतं. कुलगुरूंसमोर रिकाम्या खुर्च्या कशा चालतील? म्हणून झाडे सरांनी गिरडकडच्या बचत गटाच्या बायकांना खास एसटी करून आणवलं. बायका नटूनथटून आल्या, डब्यात चिवडा घेऊन आल्या, आणि आत शिरताच त्यांच्या माना घुमटाच्या कडेकडे वळल्या.

“आपलं गिरड कुठं गेलं जी?” धुरपताबाईंनी दारात उभ्या नानाजींना विचारलं. या गटाच्या अध्यक्ष, ज्योत्स्नाच्या खेळाला आधीही येऊन गेलेल्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला हाक जावी.

“स्टोअर रूममधी हाय,” नानाजी म्हणाले, आणि मान खाली घातली.

कुलगुरू बाई पहिल्या रांगेत बसल्या. मिळालेला पुष्पगुच्छ त्यांनी बाजूला ठेवला. शेजारी झाडे सर. नानाजींनी दिवे हळूहळू मालवले. ज्योत्स्नानं बटन दाबलं आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली.

घुमटावर मनोरे उगवले. पूल उगवला. बायकांमध्ये कुजबुज झाली. ‘मुंबई व्हय का?’ ‘नाई वं, दुबई व्हय.’ मग तारे आले, आणि तो भारदस्त आवाज बोलू लागला. बराच वेळ बोलला. कुठेतरी मागे कोणी जांभई दिली. आणि मग घुमटावर, अर्ध्याहूनही वर, एक तारा लखलखला.

“हा पाहा,” आवाज म्हणाला, “अढळ ध्रुवतारा.”

“हा?” धुरपताबाई म्हणाल्या.

आवाज पुढे बोलत राहिला.

“अवं, हा कसा ध्रुव? लग्नात भटजीनं मले ध्रुव दाखवलता थो तर आमच्या कवेलूच्या वर, एवढासाक! मान बी वर करावी लागली नाई. हा तर डोक्यावर हाय!”

“मलेबी खालीच दाखवलता,” दुसरी म्हणाली.

“अन् मले गोठ्यावर!” तिसरी.

ज्यांनी लग्न पाहिलं असेल त्यांना माहीत आहे. नव्या नवरीला अंगणात उभी करून उत्तरेला ध्रुव दाखवतात, याच्यासारखी अढळ राहा म्हणून. त्या अंधारात पन्नासेक बायका होत्या आणि प्रत्येकीला आपापल्या माहेरच्या अंगणातला ध्रुव आठवत होता. सगळ्यांचा छपराला टेकलेला. आणि घुमटावरचा हा मोठा माणूस सांगत होता की ध्रुव इथे नसून तिथे असतो.

“मंग मले दाखवला थो कोन होता?” धुरपताबाई आता जवळजवळ ओरडल्याच. “माहं लग्न लागलं का नाई मंग? काऊन वं मॅडम, हे कोन्या गावचं आभाळ व्हय?”

सभागृह हसून लोटपोट झालं. पण ज्योत्स्ना हसली नाही. कारण आवाज थांबला नव्हता. धुरपताबाईंनी विचारलं होतं, सरळ, तिचं नाव घेतल्यासारखं, आणि आवाज त्या बाईवरून तसाच पुढे चालला होता. ‘प्राचीन काळापासून नाविकांना या ताऱ्यानं मार्ग दाखवला आहे.’ आपल्या खेळात विचारणाऱ्या माणसाच्या अंगावरून असं कोणी चालत जातं? ज्योत्स्नाला आईची ती नजर आठवली नाही, करार आठवला नाही, काहीच आठवलं नाही. तिला फक्त राग आला, स्वच्छ, आणि तिनं बटन दाबलं.

आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. मनोरे विझले. सगळीकडे काळोख.

“कोनं बंद केलं बे?” अंधारातून एक घाबरलेला आवाज आला.

तो झाडे सरांचा होता. इतकी वर्षं प्रमाण मराठीत मीटिंग घेणारा माणूस घाबरल्यावर थेट आपल्या गावच्या, देवळीच्या बाजारात उभा राहिला. लगेच त्यांनी स्वतःला सावरलं. “नानाजी! दिवे लावा!”

“लावतो, साहेब,” नानाजींनी उत्तर दिलं. “बटन सापडून नाई राह्यलं.” आंधळ्यालाही सापडावं असं ते बटन त्यांच्या खांद्याला टेकलेलं होतं.

तोवर घुमटावर तारे आले होते. तेच परक्या शहरावरचे, पण मनोऱ्यांशिवाय. ज्योत्स्नानं माईक जवळ ओढला.

“धुरपताबाई, तुमचं लग्न पक्कं लागलं. भटजीनं बरोबर दाखवलता ध्रुव. हे आभाळच आपलं नाई. लय वरच्या मुलुखातलं हाय. आता त्याले घरी आनतो. खुर्ची धरून बसा जी, चक्कर येईन.”

आणि तिनं आकाश हलवलं. अख्खा घुमट दक्षिणेकडून उत्तरेकडे कलू लागला. बायकांनी खरंच खुर्च्या धरल्या. डोक्यावरचा ध्रुव सरकत, उतरत, उत्तरेच्या कडेजवळ आला आणि थांबला.

“हात लांब करा. मूठ वळा. कडेपासून एक मूठ, तिच्यावर दुसरी. दिसला?”

अंधारात शंभरेक मुठी वर गेल्या. बांगड्या वाजल्या. “हाय! दोन मुठींवर हाय!” कोणीतरी ओरडलं. “हाच व्हय माहा ध्रुव!” धुरपताबाईंचा आवाज.

“कारंजाच्या अंगानं हाय पाहा थो. आता उगवतीले पाहा. इकडं तुमचं गिरड. प्लायवूडचं नाई राह्यलं, पन गिरड का कुठं जाते? त्याच्या वर हे तिकांडं, मृगाचे ओळीतले तीन तारे. अन् आता मागं वळा, दक्षिनेकडं, हिंगनघाटाच्या अंगानं. आभाळ उत्तरेले झुकलं तं इकडून नवे तारे वर आले. थो एकटा चमकून राह्यला नं? थो अगस्ती. त्या मनोऱ्यावाल्याइले हा कधीच दिसत नाई. त्याइच्यासाठी तो उगवतच नाई. तुमाले मात्र अंगनातून दिसते.”

यावर जो गलका झाला तो काही विचारू नका. आपल्याला दिसतं आणि विलायतेला दिसत नाही, असं तारांगणात आजवर कोणी सांगितलं नव्हतं. प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. ज्योत्स्ना एकेकीला उत्तर देत होती, आणि झाडे सरांचं ‘शांतता राखा’ त्या आवाजात कुठल्या कुठे वाहून गेलं. अंधारात गप्प बसवायला ते नाव तरी कोणाचं घेणार?

खेळ संपला. नानाजींना बटन सापडलं. दिवे लागले आणि सगळे टाळ्या वाजवू लागले.

झाडे सर उठून मधोमध, यंत्रापाशी गेले. हातात माईक. चेहरा पांढरा, पण हसरा. “माननीय कुलगुरू महोदया, नव्या यंत्रणेत किंचित तांत्रिक बिघाड झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. आमच्या उईके मॅडमनी प्रसंगावधान राखून वेळ भरून काढली, त्यांचं अभिनंदन. बिघाड सोमवारपर्यंत दुरुस्त होईल आणि पुढच्या शनिवारपासून मूळ खेळ सुरळीत दाखवला जाईल.”

असं म्हणून त्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती. खरं सांगायचं तर दया होती. तुला वाचवलं, आता गप्प राहा, एवढंच ते सांगत होते. आणि हे खोटं नव्हतं, त्यांनी तिला वाचवलंच होतं. करार वाचला होता, खोल्या वाचल्या होत्या, आईची औषधं वाचली होती. तिनं फक्त मान हलवायची होती.

ज्योत्स्नाला कळलं, मान हलवली की पुढच्या शनिवारी काय होईल. बिघाड दुरुस्त होतो. सोमवारी कंपनीचा माणूस येईल, आणि शनिवारी ध्रुव पुन्हा पाच मुठींवर चढेल, कारण तोच बरोबर ठरला असेल. वर्ध्याचं आभाळ हाच बिघाड ठरेल. आणि तिनंच तसं ठरू दिलं असेल.

दिवे लख्ख लागलेले होते. कुलगुरू बाई समोर बसल्या होत्या. ज्योत्स्नानं माईक उचलला.

“बिघाड नाई झाला जी,” ती म्हणाली. “यंत्र चांगलं हाय. म्या बंद केलता खेळ.”

झाडे सरांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त आतून हसू निघून गेलं. दिव्याच्या उजेडात, माईकवर, कुलगुरूंसमोर ती वऱ्हाडी बोलली होती, आणि ते तिच्या तोंडून चुकून गेलं नव्हतं. हे त्यांना कळलं. सगळ्यांना कळलं.

“तुम्ही बंद केला?” कुलगुरू बाईंनी विचारलं. “मुद्दाम?”

“मुद्दाम. त्यात ध्रुव चुकीच्या जागी हाय. म्या सरांले सांगतलं होतं. सर म्हनाले, कोन मोजते? तं या बायाइनं मोजला, मुठी न वळता. खेळ वर्ध्यात दाखवाचा अन् आभाळ दुसऱ्याचं, हे मले जमत नाई. पुढच्या शनवारी पुन्हा लावला तं पुन्हा बंद करीन.”

“पुढच्या शनिवारी तुम्ही इथे असाल का, हा प्रश्न आहे,” झाडे सर हळूच म्हणाले. माईक त्यांच्याही हातात होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

“असन जी. तुमी खुर्चीवरून काढलं तं तिकीट काढून येईन. तिथं बसून हात वर करीन, अन् ध्रुव चुकला म्हनीन. अंधारात कोन बोललं म्हनून शोधाची पाळी नाई येऊ देनार. आधी नाव सांगीन, मंग बोलीन.”

कुलगुरू बाईंनी बाजूला ठेवलेला पुष्पगुच्छ उगाच सरळ केला. त्यांनी ‘शाब्बास’ म्हटलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, पण तसं काही झालं नाही. त्यांनी झाडे सरांकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे, आणि सोमवारी दोघांनी मला भेटा, एवढंच म्हणाल्या. आवाजावरून काहीही कळण्याची सोय नव्हती.

आभाराचं भाषण बाकी होतं. झाडे सर खिशातला कागद शोधू लागले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत हात वर झाला, काचेच्या हिरव्या बांगड्यांचा.

“मॅडम, थो अगस्ती पुन्हा दाखवा नं. मले दिसलाच नाई. माह्या समोर यमुनीचा अंबाडा होता.”

“मलेबी,” मागून कोणी म्हणालं. मग आणखी दोन हात वर गेले, मग एक अख्खी रांग. गिरडची एसटी बाहेर हॉर्न वाजवत होती. एकही बाई उठली नाही.

ज्योत्स्ना पुन्हा यंत्रामागे बसली. तिनं नानाजींकडे पाहिलं आणि नानाजींनी कोणाला न विचारता दिवे मालवले. घुमटावर वर्ध्याचे तारे आले. दक्षिणेच्या कडेशी मात्र एक काळी, उंच सावली आडवी आली होती, हातात कागद धरलेली, कुठे जावं ते न कळून मधोमध उभी राहिलेली.

“झाडे सर,” ज्योत्स्ना माईकवर म्हणाली, “जरा बाजूले व्हा जी. लोकाइले दिसून नाई राह्यलं.”